हातानं की मशीननं

९ फेब्रुवारी

आज बैठकीत पुन्हा आमचं जुंपलं. मशीनवाला आणि मी. तो म्हणे, "शिंपीणबाई, तुम्ही टाके घालत बसा, मी तोवर चहा पिऊन येतो." मी म्हटलं, "तुझं काय, कट् केलं की झालं. पेशंट म्हणजे काय कागद आहे स्टेपल मारायला?" सगळे हसले. मोठे सरही हसले, आणि ते वर्षातून एकदाच हसतात.

खरं तर भांडायला कारणच उरलं नव्हतं. दोघांनी मिळून इतकी वर्षं जे जमवलं त्याचा निकाल आज लागला. अन्ननलिका काढल्यावर घातलेले जोड — निम्मे मी हातानं शिवलेले, निम्मे त्यानं स्टेपलरनं लावलेले. कुणाला काय ते चिठ्ठी टाकून ठरवलेलं, म्हणजे वशिला नको. तर गळती दोन्हींकडे जवळजवळ सारखीच. मला वेळ जास्त लागतो. त्याचा जोड पुढं जरा आवळतो, काहींना फुगा घालून रुंद करावा लागतो. बाकी डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. दोघांचीही तोंडं पडली. ज्याच्यावरून इतकी वर्षं डोकी फोडली तो मुद्दाच नव्हता म्हणे!

घरी आले हसत. नवरा टेबलाशी जेवत बसला होता. सूपमध्ये पाव बुडवून बुडवून खात होता. पावाच्या कडा काढून बाजूला ठेवलेल्या. भाताला हात नाही. प्रत्येक घासामागे पाणी.

मी विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?" म्हणाला आणि हसला. तेवढ्यात घास अडकला. मूठ छातीवर दाबून खाली बघत राहिला.

मी रोज माणसांना हेच करताना बघते. असंच, समोरच्या खुर्चीतून. पण ती खुर्ची हॉस्पिटलमधली असते.

११ फेब्रुवारी

घशातून दुर्बीण घालून त्याची तपासणी झाली. मला आत जाता आलं असतं. गेले नाही.

१३ फेब्रुवारी

आहे.

घरात सासूबाई होत्या म्हणून त्याच्या गाडीत बसून सांगितलं. ही त्याची शिकवणीची गाडी, दोन ब्रेकची. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक ह्याच्या. अर्ध्या गावाला ह्यानं गाडी शिकवलीय, आणि सवय अशी लागलीय की घरी सोफ्यावर बसला तरी उजवा पाय हवेत ब्रेक दाबायला तयार. बातम्यांत अपघात दाखवला की पाय खाली जातो.

आज मी शिकणाऱ्याच्या जागी बसले. किल्ली लावलेली नव्हती.

"कुठं आहे?"

त्याच्या छातीच्या हाडावर बोट ठेवलं, खालच्या बाजूला.

"म्हणजे रस्ता बंद."

"हो."

"मग पर्यायी रस्ता काढा."

काढतात, म्हटलं. आधी औषधं आणि किरणं, गाठ लहान व्हायला. मग मधला तुकडा काढायचा. जठर निमुळतं करून त्याची नळी करायची, ती छातीत वर ओढायची आणि वरच्या टोकाला जोडायची. मी अगदी ओपीडीत सांगते तसं सांगितलं, हातवारे करून. तो माझ्या हातांकडे बघत होता.

"आणि जोड सुटला तर?"

"सुटत नाही. कधीकधी गळतो."

"म्हणजे?"

"म्हणजे पोटात जायचं ते छातीत जातं."

मग म्हणाला, "आईला आत्ता सांगू नकोस. तिच्या मोतीबिंदूचं होऊन जाऊ दे." नंतर थोड्या वेळानं, "तुझा आरसा बघ कसा लावलाय. मागचं काही दिसत नसेल तुला." मी आरसा सरळ केला. त्यात माझाच चेहरा दिसला.

१६ फेब्रुवारी

आईंना कळलंच. त्यांच्यापासून काही लपत नाही. डोळ्यांत मोती आहे, पण कानांत दुर्बीण आहे.

रडल्या नाहीत. भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "तू त्यातलीच ना? मग तूच कर."

मी म्हटलं, आपल्या माणसाचं करत नाहीत. हात थरथरतो.

"आणि परक्याचं करताना थरथरत नाही?"

"नाही."

सुरी थांबली. "बरंय बाई," एवढंच म्हणाल्या. टोमणा होता की नव्हता, कळलं नाही.

२ मार्च

मोठ्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. "तू आत यायचं नाहीस. फाईल बघायची नाहीस. राउंडला उभं राहायचं नाहीस. त्याच्या बाबतीत तू आता डॉक्टर नाहीस, बायको आहेस. जमेल?"

जमेल म्हटलं. मग सर म्हणाले, दुसऱ्या शहरात घेऊन जा, मी चिठ्ठी देतो. पण हा ऐकेना. "अनोळखी गावात रस्ते कळत नाहीत मला," म्हणाला. "इथंच. तू भिंतीपलीकडे असशील तेवढं पुरे."

इथं हे ऑपरेशन करणारे दोनच. एक मी.

५ मार्च

मशीनवाल्याकडे गेले. तो कॅन्टीनमध्ये एकटाच बसला होता, पुढ्यात बिस्किटांचा पुडा. मला बघितल्यावर पुडा माझ्याकडे सरकवला. त्याला कळलेलं होतं. सगळ्यांना कळलेलंच आहे.

"तू कर," म्हटलं.

मग म्हणाला, "मी मशीननंच करीन. माझा हात तिथं बसलाय."

"मशीननंच कर. तुला जे रोज येतं तेच कर. माझ्यासाठी म्हणून काही वेगळं करायला जाऊ नकोस."

मी हे मनापासून म्हणाले. आयुष्यभर त्या यंत्राला नावं ठेवली, पण ज्याला जे येतं त्यानं तेच करावं. पोहता येणाऱ्यानं पोहावं, नाव चालवणाऱ्यानं नाव चालवावी. पैलतीर गाठल्याशी मतलब.

तो म्हणाला, "घाबरू नकोस." पहिल्यांदा शिंपीणबाई म्हटलं नाही. त्यानं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२१ मार्च

आज पाणीसुद्धा हळू गेलं.

४ एप्रिल

किरणांचा गुण येतोय. संध्याकाळी ह्यानं अख्खं केळं खाल्लं. मी आणि आई समोर बसून बघत होतो, सर्कस बघावी तसं. शेवटचा घास गेल्यावर आईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. तो उठून वाकला, दोन्ही बाजूंना, कलावंतासारखा.

केस गेलेत. म्हणतो, वारा कमी अडेल, गाडी ॲव्हरेज जास्त देईल.

१९ एप्रिल

अजून शिकवायला जातो. नको म्हटलं तर ऐकत नाही. सध्या एक बँकेतल्या बाई आहेत, पन्नाशीच्या, नवरा गेल्यावर गाडी शिकायला घेतलेल्या. चढावर गाडी मागं जाते म्हणून रडतात. हा त्यांना सांगतो, "बाई, गाडी मागं जायला लागली की ती तुमचीच आहे हे विसरू नका. तुमच्या पायाखाली आहे." घरी येऊन त्यांची नक्कल करतो. पण त्या पास व्हाव्यात म्हणून जीव टाकतो.

आज चढाव शिकवून आला आणि जिन्यातच बसला. पाच पायऱ्या राहिल्या होत्या. मी शेजारी बसले. वरच्या मजल्यावरची मुलगी आम्हाला ओलांडून गेली, तिला वाटलं असेल आमचं भांडण झालंय.

१० मे

उद्या.

संध्याकाळी स्टेशनवर जाऊन लेकीला घेऊन आले. गाडीतून उतरली ती सरळ माझ्या गळ्यात. "आई, तू सांग, किती टक्के?" तिला आकडे हवेत. शिकतेयच त्यातलं, संख्याशास्त्र. मी सांगितले. माझ्याच अभ्यासातले, माझ्याच हातांनी जमवलेले. सांगताना कळलं की त्यांचा काही उपयोग नाही. शंभर माणसांत इतक्यांना गळतं, हे खरं. पण माझ्याकडे शंभर नवरे नाहीत.

वॉर्डात गेलो तेव्हा तो छान हसत होता. लेकीला म्हणाला, "लायसन्स आणलंस का? परत जाताना तूच चालव. तुझ्या आईच्या हातात गाडी देऊ नकोस, ती गिअर टाकताना भूल देऊन टाकते."

माझा हात हातात घेतला आणि बोटं बघत बसला. एकेक बोट.

११ मे

बाकावर बसले. ज्या बाकावर नातेवाईक बसतात त्या. इतकी वर्षं त्या दारातून मी बाहेर यायचे, मास्क खाली ओढत, आणि माणसं उठून उभी राहायची. बाहेरून ते दार कसं दिसतं ते आज बघितलं. खालच्या बाजूला स्ट्रेचर लागून लागून रंग उडालाय. मूठ पितळेची आहे. मला माहीतच नव्हतं.

लेक एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. आई म्हणाल्या, "किती वेळ लागतो गं?" "बराच." "तुला किती लागतो?" "त्याहून जास्त." "मग तुझंच बरं, नीट करत असशील," म्हणाल्या. हसू आलं. त्या स्थितीतही आलं.

शेवटी मशीनवाला आला. टोपी हातात. मी उभी राहिले — बरोबर जशी माणसं राहतात तशी.

"झालं. गाठ पूर्ण निघाली. नळीचा रंग गुलाबी आहे, रक्त चांगलं खेळतंय."

"आणि रिंगा? दोन्ही रिंगा अख्ख्या निघाल्या?" मशीन लावल्यावर आतून मांसाच्या दोन चकत्या निघतात, त्या पूर्ण गोल असल्या तर जोड नीट बसला म्हणायचं. मी त्याला नेहमी हेच विचारून छळते.

"जोड नीट आहे," तो म्हणाला. "आता तू बायको हो बघू." आणि माझ्या खांद्यावर थोपटून निघून गेला. घामानं पाठ भिजली होती त्याची. एवढा दमलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. मशीनवाले दमत नाहीत, असं मीच म्हणायचे.

१३ मे

शुद्धीवर आहे. बोलतो. छातीत नळ्या, नाकात नळी. म्हणाला, "सगळ्या पाइपलाइनी नवीन टाकल्यात वाटतं. नगरपालिकेला खोदायला बोलावलंत का?"

हसला आणि कळवळला. हसवू नका म्हणून नर्सनं आम्हालाच दम दिला.

१५ मे

खुर्चीत बसला. सूर्य बघितला खिडकीतून. तोंडानं अजून काही द्यायचं नाही. पाण्याची फार आठवण येते म्हणतो, माझ्या आठवणीपेक्षा जास्त.

१६ मे

सकाळी त्याचा हात हातात घेतला आणि समजलं. थर्मामीटर लावायच्या आधी. तळवा कोरडा, गरम. नाडी पळत होती, जिना चढून आल्यासारखी. तो म्हणाला, "खांदा दुखतोय जरा. वाकडा झोपलो असेन."

छातीतल्या नळीकडे बघितलं. बघायचं नाही असं ठरलं होतं. आत लालसर पाण्याच्या जागी गढूळ, दाट काहीतरी उतरत होतं.

मी नर्सला हाक मारली नाही. आधी त्याच्या कपाळावरून हात फिरवला. एवढे दोन क्षण मला बायको म्हणून हवे होते.

१७ मे

जोड गळला. त्याला परत आत नेलं. छाती धुतली, नळ्या घातल्या. आता घशात श्वासाची नळी, यंत्र श्वास देतंय.

मशीनवाला बाहेर आला तेव्हा मी उठले नाही. तोच माझ्यासमोर उकिडवा बसला, फरशीवर. "मी सगळं करीन," म्हणाला. मी म्हटलं, "केलंस की."

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी कुणाशी असं बोललेलं तिनं ऐकलेलं नाही.

२५ मे

यंत्रावरच. पण जागा असतो. लेकीनं पाटी आणून दिलीय. आज लिहिलं — "हॉर्न वाजवतं कोण सारखं?" यंत्राची घंटा. मग पुसून लिहिलं — "आई जेवली?"

आई रोज त्याच्या पायांना तेल लावतात. उजव्या पायाला जास्त. "ह्याच पायानं घर चालवलं," म्हणतात.

२ जून

आज घशातली नळी काढली. आवाज घोगरा, कागद फाटल्यासारखा, पण त्याचाच. मी कापूस ओला करून ओठांवरून फिरवला. डोळे मिटून घेतले त्यानं, जणू मोठं जेवण चाललंय.

पहिला प्रश्न — "बँकेतल्या बाई पास झाल्या का?"

मी फोन लावून दिला. बाई पलीकडून ओरडल्या, चढावावर गाडी इंचभरही मागं गेली नाही म्हणाल्या. हा इतका खूश झाला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पुसलं.

मग मला म्हणाला, "तू चांगली दिसतेस. दमलेली. पण चांगली." आणखी म्हणाला, "त्याच्यावर चिडू नकोस." मी म्हटलं, कोण चिडलंय. म्हणाला, "लग्नाला चोवीस वर्षं झाली. तू चिडलीस की तुझी हनुवटी पुढं येते."

मी हनुवटी मागं घेतली. तो हसला. आज वाटलं, होईल. आज खरंच वाटलं.

५ जून

पुन्हा ताप. रक्तदाब राहत नाही.

७ जून

गेला.

९ जून

काल त्याला नेताना त्याच्या हाताखाली शिकलेली माणसं आली होती. कितीतरी. रस्ता भरून गाड्या. सगळ्यांनी वाकड्यातिकड्या लावलेल्या, एकीचं चाक फुटपाथवर. तो असता तर एकेकाला खाली उतरवून परत लावायला लावली असती. बँकेतल्या बाई स्वतः चालवत आल्या. माझ्यापुढं उभ्या राहिल्या. मग माझ्या हातात त्यांची किल्ली दिली, का ते त्यांनाही माहीत नसेल. नंतर परत मागून घेतली.

आई त्याच्याजवळ वाकून म्हणाल्या, "रांग मोडलीस रे. मी पुढं उभी होते." त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा फुटला.

मशीनवाला फाटकापाशी उभा होता. आत आला नाही. मी बोलावलं नाही.

१८ जून

लेक परत गेली. घरात आई आणि मी. दोघी एकमेकींना ऐकू येईल असं वावरतो, भांडी जरा जोरात ठेवतो. ताटं मांडताना मी तीन घेते. त्या एक उचलून परत ठेवतात.

रात्री पलंगावर पडले की पाय अजून बाजूला घेते. झोपेत ब्रेक दाबायचा तो, लागायचा मला.

२७ जून

कामावर गेले. सगळे हळू बोलतात माझ्याशी. मोठे सर म्हणाले, वेळ घे. मला वेळ नकोय. वेळच तर आहे.

स्टेपलरचं कपाट उघडं होतं. एक खोकं हातात घेतलं. गुळगुळीत, पांढरं, दुकानातल्या खेळण्यासारखं. हे. ह्याच्या पिना त्याच्या छातीत. मी असते तर एकेक टाका घालताना कड बघितली असती. कुठं ताण येतोय, कुठं पांढरं पडतंय. बोटाला कळतं. यंत्राला काय कळतं? ते सगळ्यांना सारखंच चावतं.

हे खरं नाही, हे मला माहीत आहे. माझेच आकडे सांगतात, खरं नाही. पण आकडे रात्री शेजारी झोपायला येत नाहीत.

८ जुलै

आज बैठक होती. आमच्या अभ्यासाचा मजकूर पक्का करायचा होता. मशीनवाला वाचत होता — "दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही."

मी उठले. बोलायचं ठरवून गेले नव्हते. म्हटलं, "फरक आहे. माझ्या घरी या, दाखवते. एका ताटाचा फरक आहे."

मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. म्हटलं, "वेळ वाचतो म्हणून वापरता तुम्ही ते. चहा प्यायला जायचं असतं तुम्हाला. मी हातानं घातला असता तर माझा माणूस आज घरी असता. ह्या माणसानं कट् केलं आणि घाम पुसत बाहेर आला."

तो कागद हातात धरून उभा होता. माझ्याकडे बघत होता. एक शब्द बोलला नाही. बाकी सगळे खाली बघत होते. मोठे सर, भूल देणाऱ्या बाई, सिस्टर — सगळे टेबलाकडे. बघू देत. खरं बोललं की माणसं खालीच बघतात.

शेवटी तो म्हणाला, "तिचं म्हणणं मजकुरात घालू." मी म्हटलं, "माझं नाव काढा त्यातून."

घरी येऊन आईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "बरं वाटलं?" मी म्हटलं, हो. "मग जेव," म्हणाल्या.

जेवले नाही.

१९ जुलै

मशीनवाल्यानं बदली मागितलीय. दूरच्या एका लहान हॉस्पिटलात. तिथं असली ऑपरेशनं होतच नाहीत. हर्निया, अपेंडिक्स, एवढंच. मोठे सर म्हणाले, "तू एकदा बोल त्याच्याशी." मी म्हटलं, माझं बोलून झालंय.

सरांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मग चष्मा काढून पुसत बसले.

आमच्या बॅचचे शेवटचे दोघं आम्ही. शिकत असताना एका ताटात जेवलोय. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

२९ जुलै

उद्या माझं पहिलं ऑपरेशन. त्याच्यानंतरचं पहिलं. एक शाळेतला शिपाई आहे, ह्याच्याच वयाचा. बायको सोबत आली होती. तिनं विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः करणार ना? हातानं?" कुणीतरी सांगितलं असेल तिला.

"हो," म्हटलं. "हातानं."

३० जुलै

जोड घालताना सिस्टरकडे धागा मागितला. तिनं दिला आणि ओघात म्हणाली, "तुमच्या मिस्टरांच्या वेळी सरांनीपण हाच मागितला होता." आणि एकदम ट्रेकडे वळली.

टाके पुरे केले. शिपायाच्या बायकोला बाहेर जाऊन सांगितलं. मग मशीनवाल्याच्या खोलीत गेले. तो पुस्तकं खोक्यात भरत होता.

"मशीन लावलं नव्हतंस?"

"नाही." मग म्हणाला, "तू लेकीला आणायला गेली होतीस तेव्हा त्यानं मला बोलावलं. म्हणाला, तिला तर तुम्ही आत येऊ देत नाही. निदान तिची रीत तरी आत येऊ द्या." हातातलं पुस्तक खोक्यात ठेवत, "मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणता आलं नाही."

"मग बैठकीत गप्प का बसलास? सगळ्यांना माहीत होतं. मी तुला इतकं —"

"मशीनवर राग धरलास तर चालतं," तो म्हणाला. "हातावर धरला असतास, तर आजचे टाके कुणी घातले असते?"

मी खोक्यातली पुस्तकं काढून परत फळीवर लावायला लागले.